भाच्यानं पाया पडायचं नसतं

चंद्रकुमार सरांना कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असं आमच्या गावात कोणीही सांगेल. मोबाईल अडकला, आधार जुळेना, टीव्हीचा आवाज गेला, चला सरांकडं. सर 'बघतो' म्हणायचे आणि खरंच बघायचे, माणूस कामाचा होता. पण 'मला हे येत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून उभ्या जन्मात कोणी ऐकलं नव्हतं. आता माणसाला एवढं एक वाक्य बोलता येत नसलं की पुढं जे रामायण व्हायचं ते होतंच. ते कवडूमामाच्या अंगावर झालं, एवढंच वाईट.

दिघोरीच्या पुढं, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचं कनिष्ठ महाविद्यालय आहे. मागच्या उन्हाळ्यात नागपुरातल्या कुठल्याशा ऑफिसानं मोडीत काढलेले कॉम्प्युटर संस्थेच्या पदरात पडले. फुकटातले म्हणून सगळे खूश. खोकी उघडून पाहतात तर एकाही मशीनमध्ये हार्ड डिस्क नाही, ऑफिसवाल्यांनी काढून घेतलेल्या. आता डिस्क नाही म्हणजे मशीनमध्ये काही साठवायची सोयच नाही. मग नागपूरहून सचिन नावाचा पोरगा आला. त्यानं कोपऱ्यात एक धड मशीन मांडलं, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि बाकी सगळ्या मशिना केबलनं त्याला जोडल्या. बटन दाबलं की प्रत्येक मशीन केबलमधून सर्व्हरकडं लिनक्स मागतं, आणि सर्व्हर आपल्याजवळची एकच प्रत सगळ्यांना वाढतो. पंगतीला एकाच गंजातली भाजी वाढावी तसं.

जाताना सचिननं सरांना सगळं समजावून सांगितलं. सर मान हलवत होते. अर्धं त्यांना कळलं. उरलेलं अर्धं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात प्राचार्या कामिनी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मॅडमसमोर त्या एवढ्याशा पोराला काय विचारायचं? सरांनी तोंड मिटलं आणि आणखी जोरात मान हलवली.

पुढं सगळा पावसाळा सर एकेका मशीनपुढं बसून होते. मराठी कीबोर्ड टाक, टायपिंगच्या सरावाचं सॉफ्टवेअर टाक, प्रिंटर जोड. एका मशीनचं झालं की दुसरं. घाम गाळला हो माणसानं, ते नाकारून चालणार नाही. पण एके दिवशी एका पोरीच्या पायानं केबल ओढली गेली, मशीन बंद पडलं, आणि पुन्हा चालू केलं तर त्यावर टाकलेलं सगळं गायब. सरांनी परत टाकलं. आठवड्याभरात दुसऱ्या मशीनचं तेच. हे असं काहून होते, हे सचिनला एका फोनवर विचारता आलं असतं. सरांनी फोन केला नाही. त्यांनी लॅबच्या दारावर पाटी लावली, 'मशीन बंद करू नये.' छतावर सोलरचे पत्रे होते, बॅटऱ्या होत्या, वीज जायचा प्रश्न नव्हता. पाटी लागली तशा त्या मशिना सुट्टीच्या दिवशीही रिकाम्या खोलीत घुरघुरत राहिल्या, आणि सरांनी तो विषय मनातून काढून टाकला.

आता कवडूमामा. कॉलेजचा रोजंदारीवरचा चपराशी. मूळचा बपेऱ्याचा, बायकोच्या गावी येऊन राहिलेला. सरांची आईही बपेऱ्याचीच. रक्ताचं काही नाही, पण आमच्याकडं गावचं नातं कोणी हलकं धरत नाही. आईच्या गावचा माणूस तो मामा, आणि मामाला भाचा म्हणजे देवाच्या ठिकाणी. मामा कितीही म्हातारा असो, भाच्याच्या पाया पडणार. भाच्यानं मात्र मामाच्या पायाला हात लावायचा नाही, पाप मामाला लागतं. दर दसऱ्याला कवडूमामा स्टाफरूममध्ये यायचा, आपट्याची पानं सरांच्या हातात द्यायचा, 'सोनं घ्या भाचे' म्हणायचा आणि कमरेत वाकून पायाला हात लावायचा. पहिल्या वर्षी सरांना कसंसंच झालं होतं. नंतर काही वाटेनासं झालं. पाया पडून घ्यायची सवय माणसाला लवकर लागते.

यंदा दसऱ्याला सर सासुरवाडीला भंडाऱ्याला होते. मॅडमनी कवडूला सांगून ठेवलं होतं, लॅबची पूजा कर. मामा सकाळी अंघोळ करून, झेंडूची फुलं घेऊन आला. हार ओवायला बायको सुंदरबाई सोबत. फडकं मारलं, रांगोळी घातली, आणि मामा अडला. दसऱ्याला हत्याराला सुट्टी असते. लाकडं फोडता फोडता कोणी कुऱ्हाडीची पूजा करतं का? आणि इथं दारावर पाटी. त्यानं खिशातला फोन काढला.

"भाचे, पूजा करून राहिलो. चालू हत्याराची पूजा कशी करू? मशिना बंद करू का? तुमची पाटी हाय म्हनून इचारतो."

सर पाटावर बसले होते. सासूबाई पुरणपोळीवर तूप सोडत होत्या, मेहुणा काहीतरी चेष्टा करत होता. "करा ना मामा, करा बंद. दसरा आहे," सर म्हणाले आणि फोन उलटा करून ठेवला.

मामानं एकेक मशीन बंद केलं, प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं, प्रत्येकाला हार घातला, आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा पोरी आधीच लॅबमध्ये बसल्या होत्या. बारावीची प्रतिक्षा उठून म्हणाली, "सर, मराठी येऊनच नाई राहिली." सरांनी पाहिलं. तिच्या मशीनवर मराठी नाही. शेजारच्यावर नाही. कोणत्याच मशीनवर नाही. सरावाचं सॉफ्टवेअर नाही, प्रिंटर नाही. पावसाळाभराचा घाम एका दिवसात पुसून गेलेला. आणि चार दिवसांत टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र द्यायचं की नाही ते ठरवायला माणसं यायची होती. केंद्र मिळालं नाही तर पोरींना परीक्षेसाठी भंडाऱ्यापर्यंत एसटीनं जावं लागणार, आणि निम्म्या पोरींना घरून कोणी सोडणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

गलका ऐकून मॅडम आल्या. "काय झालं सर?"

"सगळं उडालं मॅडम. मशिना बंद केल्या कोणीतरी."

"कोणी?"

"पाटी लावली होती मी," सर म्हणाले. "तरी मामांनी बंद केल्या."

आणि हे बोलता बोलताच त्यांना फोन आठवला. अंधुक नाही, लख्ख आठवला. सासूबाईंच्या हातातला तुपाचा चमचासुद्धा आठवला. वाक्य अजून तोंडातच होतं, ते मागं घ्यायला एका श्वासाचं काम होतं. 'माझीच चूक मॅडम, मीच हो म्हटलं होतं,' संपला विषय. पण पोरी बघत होत्या, मॅडम बघत होत्या, आणि आपल्या मशिना बंद केल्यावर का बिघडतात हे आपल्यालाच ठाऊक नाही, हेही मागोमाग सांगावं लागलं असतं. सर म्हणाले, "पाटी चांगली मोठ्या अक्षरात आहे मॅडम." पहिलं वाक्य रागात निसटलं म्हणून एकवेळ माफ करता येईल. हे दुसरं वाक्य त्यांनी जाणूनबुजून टाकलं.

कवडूमामा दारातच उभा होता. हातात कालचे सुकलेले हार, काढून टाकायला आणलेले.

"कवडूजी, वाचता येते ना तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"येते मॅडम."

"मग?"

मामानं सरांकडं पाहिलं. एकदाच. सरांनी कीबोर्डकडं पाहिलं. मामा म्हणाला, "चुकलं मॅडम."

"चुकलं म्हणून कसं चालेल? पोरींचं वर्ष आहे हे. उद्यापासून येऊ नका तुम्ही. सेक्रेटरी साहेबांशी बोलते, काय ते ते ठरवतील." मामानं किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला अडकवला, हार तसेच हातात धरून पायऱ्या उतरला आणि पाळीनं घराकडं निघाला. सरांना तो खिडकीतून दिसत होता. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली.

मग सर कामाला लागले. प्रतिक्षाच्या मशीनवर बसून घाईत सगळं सॉफ्टवेअर एकदमच टाकायला घेतलं, तर मशीन म्हणालं जागा नाही. जागा बघायची कमांड दिली, तर तिनं भलतंच काहीतरी सांगितलं, ज्याचा अर्थ सरांना लागेना. नेटवर्कची गडबड असेल, असं त्यांनी ठरवलं आणि नेटवर्क बंद करून पुन्हा चालू करायची कमांड दिली. घरच्या मशीनवर ते नेहमी असंच करायचे. पण घरच्या मशीनला डिस्क आहे. हे मशीन सगळंच्या सगळं केबलमधून येत होतं. विहिरीत उतरलेल्या माणसानं आपलाच दोर सोडावा तसं झालं. पडदा जागच्या जागी थिजला. मशीन बंद करायची कमांड दिली तर तीही चालेना, कारण ती कमांडसुद्धा सर्व्हरवरच होती आणि तिथं जायची वाट सरांनीच तोडली होती. सर दुसऱ्या मशीनवर गेले आणि तेच केलं. तेही थिजलं. पोरी एकमेकींकडं बघू लागल्या.

शेवटी सर व्हरांड्यात गेले आणि पावसाळाभर न केलेला फोन केला.

सचिननं ऐकून घेतलं. "सर, त्या मशिनवर काही टाकूच नका नं. टाकलेलं सगळं नुसतं मेमरीत राहते. मशीन बंद झाली का ते खतम. सर्व्हरवर जी प्रत हाय न, तिच्यात एकदा टाका. सगळ्याईले आपोआप जाते. मी सांगितलं होतं न तुमाले, मॅडम होत्या तवा?"

"हो हो, लक्षात आहे," सर म्हणाले. इथंही खोटंच. "म्हणजे... बंद केल्यानं काही बिघडत नाही?"

"बंद केल्यानं कायले बिघडन सर? रोज शामले बंदच करायच्या असतात त्या. चालू कोणी ठेवल्या होत्या?"

"कोणी नाही," असं म्हणून सरांनी फोन ठेवला आणि व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे राहिले. मामानं काहीच बिघडवलं नव्हतं. मामानं तर बरोबर तेच केलं होतं. बिघाड पहिल्या दिवसापासून होता, आणि तो मशिनांच्या आत नव्हताच.

काम मात्र चहाच्या सुट्टीआधी उरकलं. सर्व्हरवरच्या प्रतीत एकदा टाकलं, सगळ्या मशिना बंद करून चालू केल्या, आणि सगळ्यांवर एकदमच मराठी आली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मॅडम स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर होते म्हणून निभावलं. नाहीतर कवडूजींनी बुडवलंच होतं." सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते 'चालायचंच मॅडम' म्हणाले.

कॉलेज सुटल्यावर गाडी आपोआप मामाच्या घराकडं वळली. मामा अंगणात विळ्याला धार लावत बसला होता, धान कापणीला आलं होतं. सरांना पाहताच तो लगबगीनं उठला, आतून खुर्ची आणली, पंच्यानं पुसली.

"बसा भाचे. झाल्या का सुरू मशिना?"

"झाल्या."

"बरं झालं बाप्पा. माया जीव टांगनीले लागला होता. पोरीईचं नुकसान झालं असतं." मग त्याला काहीतरी आठवलं. तो आत जाऊन आपट्याची पानं घेऊन आला. "काल तुमी नव्हते. सोनं घ्या." पानं सरांच्या हातात ठेवली आणि वाकला.

त्याचा हात पायाला लागला. दरवर्षी हाच हात लागत होता. पण आज नोकरी घालवलेला माणूस नोकरी खाणाऱ्याच्या पाया पडत होता, आणि दोघांनाही ते माहीत होतं. सर खुर्चीवरून खाली आले आणि मामाच्या पायाला हात लावायला वाकले.

मामा चटका बसल्यासारखा मागं सरला. "काय करता हो? भाच्यानं पाया पडाचं नसते. पाप लावता का मले म्हातारपनी?"

"मामा, माझी चूक..."

"असू द्या. झालं ते झालं."

दारातून सुंदरबाईचा आवाज आला. ती केव्हाची चौकटीला टेकून उभी होती. "पाया पडून मोकळे होऊ नका भाचे. फोन लावला तवा मी हार ओवत बसली होती. माया कानानं आयकलं, 'करा बंद' म्हने."

"तू चूप राय ओ," मामा म्हणाला.

"कायले चूप राहू? तुमी चूप राहले, त्याचंच हे झालं."

सरांनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही मॅडमला का नाही सांगितलं, मामा?"

मामानं विळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "पोरीईसमोर भाच्याले खोटं पाडू? कोनतं पुन्य लागते त्यानं?"

"पुन्यानं चूल पेटते का?" सुंदरबाई म्हणाली आणि आत निघून गेली.

सर आपट्याची पानं खिशात ठेवून उठले. वाकून माफी मागायची वाट रीतीनंच बंद केली होती. मामा ती घेणारच नव्हता, आणि सुंदरबाईला ती नको होती. उरलं होतं ते फक्त तोंड, आणि ते कुठं उघडायचं हेही त्यांना कळत होतं. त्या अंगणात नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी मॅडमना लॅबमध्ये बोलावलं. पोरी होत्याच. सरांनी दारावरची पाटी काढून हातात घेतली होती.

"मॅडम, कवडूमामांनी मला फोन करून विचारलं होतं. मी बंद करा म्हटलं. काल इथं तुमच्यासमोर मला ते आठवलं होतं, तरी मी बोललो नाही." मग पाटी पुढं धरून ते म्हणाले, "आणि बंद केल्यानं काही बिघडतही नाही. सचिननं सांगितलेलं मला कळलं नव्हतं. कळलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. म्हणून ही पाटी लावली."

प्रतिक्षानं मान खाली घातली, जणू तिचीच चूक सांगितली जात होती. ते सरांना सगळ्यात जास्त लागलं.

"तुम्हाला लाज वाटली," मॅडम म्हणाल्या. "अन् मी त्या माणसाला पोरींसमोर वाचता येते का म्हणून विचारलं." व्हरांड्यात जाऊन त्यांनी स्वतः मामाला फोन लावला. शिपायाला पाठवलं नाही, कारण शिपाई तोच एक होता.

मामा दुपारी आला. मॅडमनी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या, दोन शब्द बोलल्या. केंद्राची माणसं आली, लॅब बघून गेली, केंद्र मिळालं. सगळं सुरळीत झालं. आता रोज संध्याकाळी मामा एकेक मशीन बंद करतो आणि मग दाराला कुलूप लावतो. एवढ्यावर सरांनी सुटकेचा श्वास टाकायला हरकत नव्हती, आणि त्यांनी तो टाकलाही.

मग दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी सर सकाळीच भंडाऱ्याला गेले होते. बाजारात गर्दीत उभे असताना फोन वाजला. मामाचा होता.

"सर, कवडू बोलून राहिलो."

'सर' हा शब्द सरांना मामाच्या तोंडून आजवर ऐकू आला नव्हता. आता विचार केला तेव्हा ध्यानात आलं की कामावर परत आल्यापासून 'भाचे' म्हणून मामानं हाक मारलेलीच नाही.

"बोला मामा."

"सुट्टी लंबी हाय. त्या कोपऱ्यातली मोठी मशीन बी बंद करू का? सर्व्हर?"

"करा मामा. करा बंद. काही होत नाही."

"हो जी. पन एक मिनिट थांबा." मामाच्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. दार लावताना कडी नीट बसली का बघावं, तसा साधा आवाज. "मॅडम इथंच हायेत. त्याईच्या हाती फोन देतो. त्याईले बी सांगून द्या, तुमीच हो म्हटलं म्हनून."